टॉवेलचा पक्षी

हाउसकीपिंगची लॅब म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची खोली.
एक पलंग, एक आरसा, एक बाथटब.
टबाला चकचकीत नळ आहे, नळामागे पाइप नाही.
तपासणी समितीला टब हवा होता,
पाण्याचं त्यांनी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षाला नवा पेपर आलाय : शाश्वत पर्यटन.
क्रेडिट दोन, तास तीस, शिकवायला मीच.
पहिल्याच पानावर : पाहुणा दिवसाला तीनशे लिटर पाणी वापरतो,
तर हॉटेलने काय करावं?
वर्ग हसला.
तो चौथा दिवस होता. पाचव्या दिवशी पहाटे तीनला पाणी येणार,
आणि निम्मा वर्ग डोळे चोळत बसणार,
फळ्यापाशी मीही.

पुस्तकाचं उत्तर असं :
बाथरूममध्ये हिरवं कार्ड ठेवावं, पानाचं चित्र असलेलं.
‘टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर टांगा.
पृथ्वी आपली आभारी आहे.’

लावण्या कोंड्यालने हात वर केला.
“मॅडम, टॉवेल पुन्हा न वापरणारी माणसं
कुठल्या गावाला असतात?”

तिचे वडील अक्कलकोट रोडला रात्रपाळीत टॉवेल विणतात.
घरी सेकंडचा माल येतो, काठ तिरका गेलेला.
तो आधी अंग पुसतो, मग ताटं,
मग सायकल, मग उंबरा,
मग चुलीवरचं पातेलं उतरवतो.
“आणि मग?”
ती जरा थांबली.
“मग दिसत नाही. पण असतो घरातच.
गादीत.”
मी फळ्यावर लिहिलं : गादीत.
कुणीतरी ते वहीत उतरवून घेतलं.

प्रॅक्टिकलला परीक्षक आले पुण्याहून,
आदल्या रात्रीच्या हुतात्मा एक्सप्रेसने.
प्रश्न नेहमीचा : टॉवेलचा हंस करून पलंगावर ठेवा.
हंस सगळ्यांना येतो. दोन गुंडाळ्या, वाकवलेली मान.
दोन हंस समोरासमोर ठेवले की बदाम होतो,
नव्या जोडप्याला फोटोपुरता.

रेवणसिद्ध नान्नजचा. त्याने मान वाकवलीच नाही.
ताठ, जाड, पांढरी मान, खाली उंच पाय,
डोक्यावर काळा हातरुमाल.

“शहामृग का रे?”
“माळढोक, सर. आमच्याकडं हंस नसतो.”
“पाहिलायस?”
“आजोबांनी. मेंढरांच्या मागं चालायचा म्हणे,
गवतातनं उडालेले किडे टिपत.
आता माळावर त्याच्या चित्राची पाटी आहे.
लांबून माणसं येतात मोठाले कॅमेरे घेऊन,
दिवसभर बसतात, जाताना पाटीचा फोटो काढतात.
मी त्यांना भाकरी नि शेंगाचटणी पोचवतो.
दिसला का, असं विचारत नाही, वाईट वाटतं त्यांना.
पाण्याची बाटली तेवढी माघारी मागतो.”

परीक्षकांनी गुणांचा तक्ता चाळला.
मान, पंख, सुबकपणा.
माळढोकाला रकाना नव्हता.
वीसपैकी अकरा.
मी समोर होते. काहीच बोलले नाही.

बाहेर दुसरी बॅच उभी होती आणि टॉवेल कमी.
कल्लव्वा मावशींनी हंस उलगडले, भराभर,
त्याच हाताने, त्याच झटक्यात तोही.
पलंगावर फक्त टॉवेल राहिला,
काठ किंचित तिरका.
कॉलेजही सेकंडचाच माल घेतं, हे तेव्हा कळलं.

जाताना परीक्षकांनी हात धुवायला
टबाचा नळ फिरवला.
परत फिरवला. उलटा फिरवून पाहिला.
कुणी हसलं नाही.
लावण्याने आपली बाटली पुढे केली, अर्धी भरलेली.
त्यांनी हात धुतले, जरा जास्तच वेळ,
आणि रिकामी बाटली टाकायला
कचऱ्याची पेटी शोधू लागले.

रेवणसिद्ध आधीच हात पुढे करून उभा होता.